इतिहासाचं पान मिटा, वेळापत्रक मागा

प्रिय ताई,
माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सातव्या वर्षापासून नृत्य शिकते. आता तिला विद्यापीठात जाऊन नृत्याचीच पदवी घ्यायची आहे. माहितीपुस्तक घरी आलंय. पहिली दोन पानं विभागाचा इतिहास: स्थापना कधी झाली, कोण कोण नामवंत शिकवून गेले. मग विषयांची यादी: शरीररचनाशास्त्र, नृत्यरचना, नृत्यलेखन, प्रकाशयोजना. मी आयुष्यभर हिशेब तपासले, त्यामुळे यादी दिसली की बेरीज करायची खोड आहे, पण ही बेरीज जुळत नाही. नाचायला शिकायचं तर चांगला गुरू गाठावा, त्यासाठी चार वर्षं विद्यापीठ कशाला? आणि त्या इतिहासाला किती भाव द्यायचा? बायको म्हणते, जाऊ दे तिला. मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.
— हिशेब न जुळलेला एक बाप

नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘नाचून पोट भरणार आहे का’ हा प्रश्न कुठेच नाही, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो सगळ्या ओळींच्या मागे उभा असलेला दिसला. त्याच्याकडे येईनच. आधी तुम्ही जे विचारलंय ते.

नाचायला शिकायला विद्यापीठ कशाला? गंमत अशी, की नृत्य विद्यापीठात पहिल्यांदा शिरलं तेव्हा ते नर्तक घडवायला आलंच नव्हतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच’डोब्लर नावाच्या एक बाई होत्या. शिक्षण जीवशास्त्राचं, नोकरी मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागात आणि जीव बास्केटबॉलवर. १९१६मध्ये त्या पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या. तेव्हा विभागप्रमुख ब्लांश ट्रिलिंग यांनी त्यांच्यामागे एक काम लावून दिलं: तिथले नृत्याचे वर्ग बघून या, आपल्या मुलींना शिकवण्याजोगं काही सापडतंय का पाहा. मार्गारेटबाई काही फार उत्साहात नव्हत्या. बास्केटबॉल सोडून नाच!

त्यांनी वर्ग पाहिले आणि बहुतेक मनातल्या मनात नापास केले. सगळीकडे एकच तऱ्हा होती. पुढे शिक्षक करून दाखवतो, मागे विद्यार्थी तसंच्या तसं करतात. अखेर अ‍ॅलिस बेंटली नावाच्या एका संगीतशिक्षिकेकडे त्यांना हवं ते दिसलं. तिथे शिकणाऱ्यांना जमिनीवर आडवं करून हालचाली करायला लावत. उभं राहिलं की निम्मं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. आडवं झालं की ती काळजी मिटते आणि कुठला सांधा कुठवर वळतो, कशाने अडतो, हे ज्याचं त्याला कळायला लागतं. जीवशास्त्राच्या बाईंना आणखी काय हवं होतं!

१९१७च्या उन्हाळी सत्रात मॅडिसनला, म्हणजे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गावी, परत येऊन त्यांनी वर्ग सुरू केला. वर्गात हाडांचा सांगाडा असायचा. बाई स्वतः काही नाचून दाखवत नसत, त्यांनी स्वतःला कधी नर्तकी म्हणवलंही नाही. ‘माझ्यासारखं कर’ ही वाटच बंद, तेव्हा मुलींना स्वतःच्या शरीरात उत्तर शोधावं लागे. पुढे १९२६मध्ये विस्कॉन्सिनने नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवी देणारा अभ्यासक्रम मंजूर केला. अमेरिकेतला तो पहिला. मंजूर झाला तोही शिक्षणशास्त्राच्या छत्राखाली, कारण बाईंच्या डोक्यात रंगमंच नव्हता, हालचालीतून घडणारा माणूस होता.

हे झालं एक घराणं. दुसऱ्याचा उगम अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यातल्या बेनिंग्टन कॉलेजात आहे. तिथे १९३४मध्ये मार्था हिल या नृत्यशिक्षिकेच्या पुढाकाराने नृत्याची उन्हाळी शाळा सुरू झाली. शिकवायला मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि हान्या होम, म्हणजे त्या काळच्या आधुनिक नृत्यातले चार खांबच. आणि शिकायला कोण? बऱ्याचशा कॉलेजांतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. त्या उन्हाळाभर घाम गाळून आपापल्या कॉलेजात परतल्या की या चौघांचं तंत्र शिकवू लागत आणि त्यांच्या मंडळींना कार्यक्रमासाठी बोलावत. प्रयोग व्हायचे कॉलेजच्या जिमखान्यात, कारण मोठी जागा तीच असायची. पुढे १९५१मध्ये याच मार्था हिल न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतविद्यालयात नृत्यविभाग उभा करायला गेल्या. बॅले आणि आधुनिक नृत्य एकाच छपराखाली, बरोबरीच्या मानाने. इथे ध्येय सरळ होतं: रंगमंचावर उभा राहील असा नर्तक. त्याच वर्षी विलम क्रिस्टेन्सन यांनी युटा विद्यापीठात, नाट्यविभागाच्या आश्रयाने, बॅलेचं शिक्षण सुरू केलं.

बरीच वर्षं नृत्याचा संसार जिमखान्यातच चालू होता. १९७२मध्ये शिक्षणात मुलगा-मुलगी असा भेद करायला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा आला, मुलांचे आणि मुलींचे शारीरिक शिक्षण विभाग एकत्र झाले आणि त्या उलथापालथीत कित्येक नृत्यवर्ग आपलं सामान उचलून ललित कलांच्या इमारतीत राहायला गेले.

तुम्ही इतिहासाला किती भाव द्यायचा विचारलंत. हिशेबाच्या भाषेत सांगते: ती मागच्या पानावरून पुढे ओढलेली बाकी आहे. यंदाचा जमाखर्च नव्हे. कोणे एके काळी कोण येऊन चार आठवडे शिकवून गेलं, यावरून उद्या सकाळी नऊ वाजता पहिल्या वर्षाला कोण शिकवणार ते कळत नाही. पण एका कामासाठी ती दोन पानं जरूर वाचा: विभाग कुठल्या घराण्याचा, ते ओळखायला. शिक्षणशास्त्रातून किंवा शारीरिक शिक्षणातून आला असेल तर तिथे शरीर, अध्यापन आणि विचार यांवर भर असण्याची शक्यता जास्त. संगीत किंवा नाट्याच्या विद्यालयातून आला असेल तर तालमी आणि प्रयोग. अमेरिकेत हाच फरक पदवीच्या नावातही उतरलाय. बी.एफ.ए., म्हणजे ललित कलांची पदवी, असेल तर सुमारे दोन तृतीयांश अभ्यास नृत्याचा. बी.ए. असेल तर नृत्य निम्म्याहून कमी, बाकी इतर विद्या. दोन्हींत उणंअधिक काही नाही. मात्र बी.ए.ला जाऊन ‘दिवसभर नाचायला का मिळत नाही’ म्हणून रडणारी आणि बी.एफ.ए.ला जाऊन ‘पुस्तकाला हात लावायला वेळ नाही’ म्हणून कुढणारी, अशी दोन्ही मुलं मी पाहिली आहेत. घराणं न बघता केलेली सोयरीक.

आता ती यादी. तुम्हाला सगळ्यांत खटकलाय तो शरीररचनेचा विषय, असं पत्रावरून वाटतं. तिथूनच सुरू करू.

मी शिकवत असताना पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारायचे: मांडीचा सांधा कुठे आहे, बोट ठेवा. दहा-दहा वर्षं नाचलेली मुलं. निम्मी कमरेच्या हाडावर हात ठेवायची, उरलेली मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतो त्या उंचवट्यावर. खरा सांधा दोन्हीकडे नाही. तो पुढच्या बाजूला आहे, खुर्चीत बसल्यावर जांघेत घडी पडते तिच्या मध्यावर, आत खोल. म्हणजे ज्या सांध्यावर सगळा नाच उभा, त्याचा पत्ताच दहा वर्षं चुकीचा लिहिलेला!

याने काय बिघडतं ते सांगते, कारण माझं स्वतःचं बिघडलंय. बॅलेतला टर्नआउट घ्या किंवा भरतनाट्यमची अरमंडी, पावलं बाहेर वळलेली हवीत. ते वळण यायला हवं मांडीच्या सांध्यातून. तिथे किती वळण मिळेल हे खुब्याच्या वाटीची दिशा, मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन आणि पुढून सांध्याला बांधून ठेवणारे जाड अस्थिबंध यांवर ठरतं. वाटी आणि हाड जन्माचं असतं, ताणून बदलत नाही. वरून वळण मिळालं नाही की मूल पावलं जमिनीला चिकटवून खालून पिळतं. गुडघा बिजागरीसारखा, तो पिळायला बनलेलाच नाही. भार आतल्या बाजूला येतो, तळव्याची कमान बसते. लहानपणी माझ्या एका शिक्षकांचं एकच वाक्य असे: ‘अजून उघड, अजून.’ मी उघडत गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही तसंच शिकवलेलं होतं. पण आज जिना उतरताना माझा डावा गुडघा त्या ‘अजून’ची आठवण करून देतो. हे मला पंधराव्या वर्षी कोणी सांगाड्यावर दाखवलं असतं तर? म्हणून त्या विषयाकडे तुम्ही ‘नाचाच्या नावाखाली डॉक्टरकी’ म्हणून बघू नका. तुमच्या मुलीच्या गुडघ्यांचा तो विमा आहे.

नृत्यरचना हा दुसरा. गुरू बसवलेलं शिकवतो, इथे स्वतः बसवायला शिकवतात, आणि ते फार अवघड जातं. अगदी साधा पाठ सांगते. खोलीच्या एका कोपऱ्यातून चालत या, खुर्चीवर बसा. बस. आता तेच अर्ध्या वेळात करा. आता प्रेक्षकांकडे पाठ करून. आता बसायच्या आधी एकदा थांबून. प्रत्येक वेळी बघणाऱ्यांच्या मनात वेगळीच गोष्ट तयार होते, आणि करणाऱ्याने तर एकही ‘स्टेप’ केलेली नसते. ज्या मुलांना कठीण तोडे तोंडपाठ असतात तीच इथे घामाघूम होतात.

मग येते चर्चा. पूर्वी शिक्षक रचना पाहून फाडून काढत. त्यातली एक-दोन वाक्यं मुलं जन्मभर विसरत नसत, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हे. १९९०च्या सुमारास लिझ लर्मन या नृत्यरचनाकार बाईंनी अभिप्राय द्यायची एक पद्धत बसवली, ती आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. आधी बघणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, कशाने काही जाणवलं, तेवढंच सांगायचं. मग रचना करणाऱ्याने प्रश्न विचारायचे. नंतर बघणाऱ्यांनी, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. मत सगळ्यांत शेवटी, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. वाचायला सोपं वाटतं. करून बघा. ‘इतकं संथ का ठेवलंस?’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे. ‘गती ठरवताना काय डोक्यात होतं?’ हा प्रश्न आहे. हा फरक तोंडात बसायला मुलांना एक अख्खं सत्र लागतं. (मला जास्त लागलं. घरी अजून जमत नाही.)

नृत्यलेखनाबद्दल थोडक्यात. नाच कागदावर उतरवता येतो. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८मध्ये मांडलेली लिपी आजही शिकवली जाते. तीन उभ्या रेघा असतात, वाचायचं खालून वर. मधल्या रेघेच्या उजवीकडे उजवं अंग, डावीकडे डावं. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, लांबी वेळ सांगते. काळं भरलेलं चिन्ह म्हणजे खालची पातळी, मध्ये ठिपका असेल तर मधली, तिरप्या रेघांचं असेल तर वरची. आता सगळेच मोबाइलवर चित्रण करतात, मग हे कशाला? कारण चित्रणात त्या दिवशी त्या नर्तकाने केलेल्या चुकाही रचनेचा भाग होऊन बसतात. पण कबूल करते, पदवीनंतर हे रोज वापरणारे फार थोडे. डोळा तयार होतो, एवढा लाभ नक्की.

आणि प्रकाशयोजना. इथे तुमची मुलगी काळे कपडे घालून विंगेत उभी राहील, शिडीवर चढेल, तारा गुंडाळेल. नाटकात चेहरा दिसावा म्हणून समोरून प्रकाश टाकतात. नाचात बाजूने टाकतात, अगदी पोटरीच्या उंचीवरूनही, म्हणजे शरीर सपाट न दिसता कोरल्यासारखं दिसतं. हे एकदा स्वतः लावून पाहिलं की पुढे रंगमंचावर उजेडात कसं उभं राहायचं ते सांगावं लागत नाही.

या सगळ्याखाली रोजचा तंत्राचा वर्ग असतोच, बहुतेक ठिकाणी दीड तासाचा. त्यावर मी जास्त लिहीत नाही. ते तिला दहा वर्षं ठाऊक आहे.

विद्यापीठाकडे आणखी एक गोष्ट असते जी गुरूच्या वर्गात क्वचित मिळते: फसायची मुभा. १९७२च्या जानेवारीत ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने काही विद्यार्थ्यांना घेऊन जिमखान्याच्या गाद्यांवर एक प्रयोग केला. पोरं एकमेकांवर झेपावत होती, आदळत होती, घरंगळत होती, आणि शेवटी सगळी नुसती स्तब्ध उभी राहिली. कोणाही पालकाने पाहिलं असतं तर ‘यासाठी पाठवलं होतं का’ असंच म्हटलं असतं. त्यातून पुढे ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ नावाची, एकमेकांच्या अंगाचा भार घेत उत्स्फूर्त नाचायची शैली उभी राहिली, ती आज जगभर शिकवतात.

आता दुसरी बाजू, कारण मी विद्यापीठाची दलाल नाही. विद्यापीठ रियाझ देऊ शकत नाही. पंधरा आठवड्यांचं सत्र, त्यात पाच-सहा विषय, परीक्षा, मग सुट्टी. एक शिक्षक या सत्रात, दुसरा पुढच्यात. एखाद्या शैलीत मुरायला लागतो तो सलग काळ या चौकटीत बसत नाही. आपल्याकडची परंपरा विद्यापीठात गेली तेव्हा ही ओढाताण लगेच दिसली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दरबारी नर्तकांच्या घराण्यातले कुबेरनाथ तंजोरकर शिकवायला आले. १९६२मध्ये भरतनाट्यमच्या नर्तकी टी. बालसरस्वती अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात शिकवायला गेल्या. विचार करा, पिढ्यान्‌पिढ्या घरात झिरपत आलेली विद्या, आणि समोर घंटा झाली की दप्तर उचलणारे विद्यार्थी. तरी ते जमवलं गेलं, आणि त्यातून शिकलेल्यांनी ती विद्या पुढे नेली. पण जमवणारी माणसं त्या तोलाची होती. म्हणून तुमचं ‘चांगला गुरू गाठावा’ हे म्हणणं मी खोडून काढत नाही. तिने विद्यापीठात गेल्यावरही गुरू सोडू नये. सुट्ट्या तिथे घालवाव्यात.

राहिला तो मागे उभा असलेला प्रश्न. नृत्यसंस्थेत कायमची जागा फार थोड्यांना मिळते, आणि तिथलं आयुष्यही शरीराच्या हिशेबाने छोटं असतं. पदवी ती जागा मिळवून देत नाही. निवड चाचणीत पदवी कोणी विचारत नाही, नाचून दाखव म्हणतात. पदवीचा उपयोग बाकीच्या दारांवर होतो: शाळा-कॉलेजात शिकवणं, मंचामागचं काम, नृत्यसंग्रह आणि संशोधन, नृत्योपचार. हे शेवटचं ऐकून हसू नका. १९४०च्या दशकात मॅरियन चेस या नर्तकीने वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात, बोलणं बंद झालेल्या रुग्णांबरोबर हे काम सुरू केलं. आज त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. तुमच्या मुलीला यातलं काय हवंय ते मला माहीत नाही, कदाचित तिलाही नसेल. सतराव्या वर्षी माहीत नसणं हा काही दोष नव्हे. पण ‘मला फक्त नाचायचंय, बाकी काही नको’ असं ती ठामपणे म्हणत असेल, तर तिच्यासाठी विद्यापीठापेक्षा एखाद्या संस्थेची पूर्णवेळ प्रशिक्षणशाळा बरी. हे मी मनापासून सांगते, माझ्या पेशाच्या विरुद्ध जाऊन.

आता काय करायचं ते. विभागाला पत्र टाकून पहिल्या वर्षाचं चालू सत्राचं वेळापत्रक मागा, तासांसकट, शिक्षकांच्या नावांसकट. मग तुमची तपासणी सुरू करा. इतिहासात छापलेल्या आणि माहितीपुस्तकात मिरवलेल्या नावांपैकी किती नावं या वेळापत्रकात आहेत? तंत्राचा वर्ग रोज आहे की आठवड्यातून दोनदा? शरीररचना पहिल्याच वर्षी आहे की तिसऱ्या, म्हणजे गुडघे बिघडल्यावर? वर्गाला साथीला माणूस बसतो की यंत्र वाजतं? पहिल्या वर्षाची मुलं मंचावर येतात का, आणि कोणाच्या रचनेत? एखादी मुलगी पाय मुरगळून सहा आठवडे बसली तर तिच्या सत्राचं काय करतात, हे तर नक्की विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून विभाग कळतो. ‘असं आमच्याकडे होत नाही’ असं उत्तर आलं तर माहितीपुस्तक परत करा.

शक्य असेल तर दोघं जाऊन एक साधा वर्ग बघा. समारंभाच्या दिवशी नको, मधल्याच कुठल्यातरी मंगळवारी. जमीन बघा: टाच आपटली तर किंचित दबते का, की खाली थेट काँक्रीट आहे. आणि एखादं मूल चुकलं की शिक्षक काय करतात तिकडे लक्ष द्या. पुन्हा करून दाखवतात, की विचारतात, तुला कुठे अडलं?

जाल तेव्हा बूट दाराबाहेर काढा. नाचाच्या जमिनीवर कोणी बूट घालून शिरलं की आतली सगळी मुलं एकाच वेळी त्याच्या पायांकडे बघतात, आणि तुमची मुलगी तुम्हाला ते वर्षभर ऐकवेल.

तुमची,
ताई